सहा मैल जादा

आबासाहेबांना संशयी म्हणणं म्हणजे त्यांची योग्यता कमी करणं. संशय इतर माणसांना अधूनमधून येतो. आबासाहेबांकडे तो कायमचा मुक्कामाला होता. शेतावरून ट्रॅक्टर परत आला की ते टाकीत काडी घालून डिझेल बघायचे. दूधवाल्याच्या देखत दुधात बोट बुडवायचे. परवा मोतीबिंदू काढला तर पट्टी सुटल्यावर डॉक्टरला पहिला प्रश्न हाच, की डोळ्यात बसवलेली काच आधी दाखवलेल्याच डबीतली कशावरून? डॉक्टर तरुण होता, हसला. आबासाहेब हसले नाहीत.

"तुमच्यावर कधी संशय नाही घेतला का हो?" असं कुणी त्यांच्या बायकोला, पार्वतीबाईंना, विचारलं की त्या म्हणत, "बाकीच्या गावातून सवड भेटली तर घेतील की."

या माणसाचा जीव एका गाडीत अडकलेला होता. गाडी दोन माणसांची, बिनटपाची, लाल, इंग्लंडात बनलेली. निजामशाही संपून थोडीच वर्षं झाली असताना आबासाहेबांच्या वडिलांनी, दत्तरावांनी, ती हैदराबादच्या एका नवाबजाद्याकडून आणली. जिंतुरात ती पहिल्यांदा शिरली तेव्हा निम्मं गाव मागे धावलं होतं म्हणतात. आजही ती रस्त्यावर आली की पोरं मोबाईल काढतात आणि आबासाहेब त्या पोरांकडे, आता ही काय उचलून नेणार, अशा नजरेने बघतात.

गाडीबरोबर एक जड लाकडी पेटी आली होती आणि पुढचं सगळं रामायण त्या पेटीने केलं, म्हणून तिच्याबद्दल नीट सांगितलं पाहिजे. या गाडीचं इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना. इंजिनाकडून आलेला लांब शाफ्ट मागच्या अ‍ॅक्सलच्या पोटात शिरतो आणि तिथे दात्यांचं एक लहान चाक एका मोठ्या चाकाला फिरवतं. मिस्त्री लोक या जोडीला क्राऊन-पिनियन म्हणतात. लहानाला दात किती आणि मोठ्याला किती, यावर गाडीचा स्वभाव ठरतो. गाडीत होती ती जोडी सपाटीची. मोकळ्या रस्त्यावर निवांत पळणारी, पण चढ आला की धापा टाकणारी. पेटीतली जोडी घाटाची. ती चढ हसत चढायची, मात्र सपाटीवर इंजिन नुसतं ओरडत राहायचं.

घराण्याचं कुलदैवत माहूरची रेणुका. दरवर्षी गडावर जायच्या आधी दत्तराव मिस्त्री बोलावून मागचा अ‍ॅक्सल उघडवत, घाटाची जोडी बसवून घेत आणि दर्शन करून आले की पुन्हा सपाटीची. लोक देवीला जाताना कपडे बदलतात, दत्तराव गाडीचे दात बदलतात, अशी गावात थट्टा चालायची.

दत्तराव गेले आणि दोघा भावांची वाटणी निघाली. थोरले आबासाहेब, धाकटे दिनकरराव. पंच बसले. जमीन, विहिरीच्या पाळ्या, बैल, तांब्याचे हंडे, सगळं बिनबोभाट वाटलं गेलं आणि गाडीपाशी घोडं अडलं. दोघांपैकी एकही सोडेना. शेवटी पंचांनी, जेवणाची वेळ टळत चालली होती म्हणून असेल, असा न्याय दिला की गाडी थोरल्याला आणि पेटी धाकट्याला. म्हणजे गाडी दोघांचीही राहिली, असं पंचांचं म्हणणं. असला न्याय फक्त आमच्याकडचे पंच करू जाणोत. दिनकररावांनी पेटी बैलगाडीत घातली आणि देवगाव फाट्याकडे, सडकेपासून तीन मैल आत, आपल्या वाट्याच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरी, कायमचे राहायला गेले. त्या दिवसापासून भाऊ भावाशी बोलला नाही. पुढे दोन्ही घरांत लग्नं झाली, बारशी झाली, पत्रिका आल्या-गेल्या आणि देव्हाऱ्यात पडून राहिल्या.

ही झाली मागची गोष्ट. आता आत्ताची.

सोयाबीन काढणीच्या सुमाराला गाडीचा मागचा भाग रडायला लागला आणि एक दिवस देवगाव फाट्यावर, सटवाजी मिस्त्रीच्या गॅरेजसमोरच, कडकन आवाज होऊन गाडी जागीच थांबली. सटवाजीने अ‍ॅक्सल उघडला आणि कपाळाला हात लावला. मोठ्या चाकाचे अर्धे दात खाली तेलात पडले होते.

"मालक, हे दात आता कुठं बी भेटायचे न्हाईत," तो म्हणाला. "भेटले तर कळवतो."

गाडी त्याच्या गॅरेजात ताडपत्रीखाली पडून राहिली. आबासाहेबांनी मधल्या काळात डोळा करून घेतला. आणि मग एक दिवस सटवाजी स्वतःच लाल गाडी चालवत जिंतूरला, थेट दारात हजर.

आबासाहेब काळा चष्मा लावून ओट्यावर बसले होते. आनंद व्हायच्या आधी त्यांना संशय आला.

"कुठं भेटले दात?"

"जुन्या बाजारात."

"कोन्या गावच्या?"

"हैद्राबादच्या." सटवाजी हे बोलताना गाडीकडे बघत होता.

"कोणाच्या दुकानात?"

"मालक, आता दुकानाचं नाव कोन ध्यानात ठेवतंय? दातांना तेलात कालवून शेंदूर लावला, फिरवून बघितलं, कुठं कुठं घासतंय ते सगळं तपासलं. लय झकास बसलेत. तेवढं एक करा, नवे दात एकमेकाला जुळस्तोर आठवड्यातून एकदा मी गाडी नेतो, तेल बदलतो अन् आणून सोडतो. तसं बी डॉक्टरनं तुमाला चालवू नका म्हणलंय."

डॉक्टरने काय म्हटलंय हे याला कुणी सांगितलं? आबासाहेबांनी ते मनात नोंदवून ठेवलं. चहाला थांब म्हटलं तर सटवाजी थांबलाही नाही, एसटी गाठायची म्हणून निघून गेला. चहा नाकारणारा मिस्त्री आबासाहेबांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

पुढच्या आठवड्यात सटवाजी आला, गाडी घेऊन गेला आणि संध्याकाळी सोडून गेला. तो वळणाआड जाताच आबासाहेब चष्मा वर करून गाडीत वाकले. गाडीतलं मीटर जुनं, मैल दाखवणारं. जिंतूर ते फाटा आणि परत, हा हिशेब त्यांना तोंडपाठ होता. गाडी जाताना त्यांनी आकडा बघून ठेवला होता. आता बघितलं तर सहा मैल जादा.

त्यांनी पुन्हा बघितलं. सहाच.

"जाताना तीन, येताना तीन," ते पुटपुटले आणि त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. सडकेपासून तीन मैल आत कोण राहतं ते सांगायला ज्योतिषी नको होता.

"अहो, त्याला सरळ इचारा की," पार्वतीबाई म्हणाल्या.

"इचारल्यावर खरं सांगंल तर तो मिस्त्री कशाला?"

त्यांना डोळ्यांसमोर सगळं दिसू लागलं. सटवाजी गाडी आखाड्यावर नेतो. दिनकर स्टीअरिंगवर बसतो. आजूबाजूच्या आखाड्यांवरची चार माणसं बघतात. आज बघतात, उद्या साक्ष देतात, की गाडी दिनकररावांच्याही वापरात हाय, आमी डोळ्यांनी बघितलंय. मग कुणीतरी वकील, मग तारीख, मग वाटा. जमिनीचं त्यांना एवढं वाटलं नसतं. पण ही गाडी वडील स्वतः पुसायचे, दुसऱ्याला हात लावू देत नसत, आणि शेवटच्या आजारपणात किल्ली उशाखाली ठेवून झोपायचे. ती गेली तर वडिलांचं आपल्याकडे काय उरलं, हा विचार मनात आला की आबासाहेबांना घास गिळवत नसे.

पुढल्या खेपेला त्यांनी पक्का बंदोबस्त केला. आखाड्याची वाट काळ्या रानातून जाते, ओढ्याजवळ बाराही महिने चिखल असतो. गाडी आली की ते बॅटरी घेऊन खाली बसले आणि चारी टायरच्या खाचा बोटाने कोरून पाहिल्या. काळी माती कणभरही नव्हती. दुसरा कुणी असता तर त्याचं समाधान झालं असतं.

"धुऊन आणली," आबासाहेब म्हणाले. "किती पोचलेला माणूस हाय बघ."

आणि मीटरवर पुन्हा सहा मैल जादा. ना कमी ना जास्त.

आता थांबण्यात अर्थ नव्हता. पार्वतीबाई शेजारी हळदीकुंकवाला गेल्याचं बघून त्यांनी किल्ली घेतली, काळा चष्मा नाकावर घट्ट बसवला आणि डॉक्टरला मनातल्या मनात चार शब्द सुनावून गाडी बाहेर काढली. दुरुस्तीनंतर ते पहिल्यांदाच चालवत होते. आधी सटवाजीची गचांडी धरायची, मग आखाड्यावर जाऊन दिनकरला विचारायचं, असा बेत.

गाव सोडलं आणि सडक मोकळी झाली. गाडी चांगली ओढत होती, पण इंजिन फार ओरडत होतं. शेवटचा गिअर पडला तरी गळा काढल्यासारखं. सटवाजीने इंजिनातही काहीतरी बदललंय, आबासाहेबांनी आणखी एक गुन्हा त्याच्या नावावर चढवला. मग त्यांची नजर कडेच्या दगडांवर गेली. नव्या सडकेवर किलोमीटरचे दगड ठोकलेत. आठ किलोमीटर म्हणजे पाच मैल. आठ दगड मागे पडले आणि त्यांनी मीटरकडे बघितलं. आकडा सहाला टेकला होता.

पहिला विचार आला तो सडकेचं कंत्राट घेतलेल्या गुत्तेदाराचा. यानं दगड लांबलांब ठोकून मधल्या दगडांचे पैसे खाल्ले. कुणाचा भरवसा धरावा माणसानं! पण पुढच्या आठ दगडांनाही तसंच झालं, आणि गुत्तेदार कितीही चोर असला तरी इतकी एकसारखी चोरी करायचा नाही. आबासाहेबांनी गाडी कडेला घेतली.

गाडी त्यांना नखशिखांत ठाऊक होती. फक्त संशयाच्या नादात ते ती विसरले होते. मीटरची तार चाकाला जोडलेली नसतेच. ती गिअरबॉक्सच्या मागे, शाफ्टला असते. चाकं किती फिरली ते मीटरला कळत नाही, शाफ्ट किती फिरला एवढंच कळतं. चाकांच्या तेवढ्याच फेऱ्यांसाठी शाफ्ट जास्त फिरायला लागला तर मीटर जास्त मैल दाखवणार. म्हणजे सटवाजी कुठेही गेला नव्हता. फाट्यावर जाऊन सरळ परत येत होता बिचारा. खोट फक्त मागच्या दातांत होती. दात सपाटीचे नव्हते.

हे इंजिनाचं ओरडणंही त्यांनी पूर्वी ऐकलेलं होतं. माहूरला जाताना ऐकलं होतं. वडील चालवायचे, शेजारच्या सीटवर आपण, आणि सीटांच्या मागच्या सांदीत, हत्यारांच्या पिशवीवर, दिनकर. चढ लागला की तो पोरगा भीतीने मागून आपली कॉलर घट्ट धरायचा, इतकी की गळ्याला वळ उठायचे.

घाटाचे असले दात जगात एकाच पेटीत होते.

क्षणभर आबासाहेबांना काहीतरी वाटलं, पण जुनी सवय कामाला धावून आली. का दिले? फुकट कोण काय देतो? आत्तापर्यंत दिनकरचं गाडीत काही नव्हतं. आता गाडी पळते ती त्याच्या दातांवर. उद्या तो म्हणेल, अर्धी गाडी माझ्यावाचून हलत नाही. पंचांनी तोडून दिलेलं याने गुपचूप जोडून टाकलं! सहा मैलांच्या चोरीपेक्षा ही फार मोठी चोरी होती. आबासाहेबांनी गिअर टाकला.

फाट्यावर सटवाजी एका जीपखाली होता. त्याचे पाय बघून आबासाहेब ओरडले, "बाहेर ये! कोन्या हैद्राबादेतनं आणले रे दात?"

सटवाजी सरकत बाहेर आला, काळा चष्मा बघितला, गाडी बघितली आणि खोटं बोलायचं सोडून दिलं.

"धाकल्या मालकांनी आणून दिले," तो म्हणाला. "हितं ताडपत्री उचलून लय येळ गाडीकडं बघत उभे राह्यले. दुसऱ्या दिवशी पेटी घेऊन आले. दादाला सांगायचं न्हाई म्हणून शपथ घातली. पेटीत एक डाग न्हाई मालक, दरसाली तेलाचं फडकं बदललेलं दिसतंय."

"कशासाठी दिले?"

"मला काय म्हाईत? तुमच्या दोघांत पडायला मला काय येड लागलंय?"

"काढ ते. आत्ताच्या आत्ता काढ."

"काढतो. मग गाडी हितंच राहील जन्मभर." सटवाजीने फडक्याला हात पुसले. "तीन मैलावर माणूस बसलाय, मालक. त्याला इचारा ना. माझं डोकं कशाला खायलात?"

आखाड्याच्या वाटेवर दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता. ओढ्यात खरोखरच चिखल होता, आणि घाटाच्या दातांनी गाडी त्यातून सहज वर काढली. याचाही आबासाहेबांना राग आला. काय काय बोलायचं ते त्यांनी वाटेत तीनदा घोकून घेतलं.

दिनकरराव निंबाखाली बाजेवर बसून चऱ्हाट वळत होते. गाडी दिसली तसे उठून उभे राहिले. आबासाहेबांच्या मनातला दिनकर जाडजूड आणि बेरकी होता. समोर उभा होता तो वाळलेला, पांढऱ्या मिशांचा म्हातारा. पण घोकलेलं वाया घालवायला ते तयार नव्हते. गाडीतून उतरायच्या आधीच त्यांनी सुरुवात केली.

"वाटा पायजे व्हता तर तवाच मागायचा. असा मागल्या दारानं कशाला शिरलास?"

"डोळ्याला काय झालं, दादा?" काळ्या चष्म्याकडे बघत दिनकररावांनी विचारलं.

"डोळ्याचं सोड! गाडीवर तुझा हक्क न्हाई, पंचांसमोर सांग."

"सांगतो की. चल." दिनकररावांनी चऱ्हाट बाजेवर ठेवलं. मग जरा थांबून म्हणाले, "पर कोन्या पंचासमोर सांगू, दादा? त्यातला एक बी राह्यला न्हाई आता."

आबासाहेब गाडीतून खाली उतरले. पंच मेलेत हे त्यांना ठाऊक होतं. एकेकाच्या मातीला ते स्वतः गेले होते. पण सगळेच संपले, आणि त्या दिवसाचं भांडण ठाऊक असलेले आपण दोघेच उरलो, हे कधी त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"मग दिलेस कशाला दात?" त्यांचा आवाज उतरला होता, पण प्रश्न अजून पोलिसाचाच होता. "काय पायजे तुला?"

दिनकरराव बाजेचा खूर धरून परत वर बसले.

"तू फाट्यावर गाडी घेऊन यायचास, च्या प्यायचास. मी समोरच्या हाटेलात बसलेला असायचो, आतल्या बाकड्यावर. तू उतरायचास, सटवाजीवर वरडायचास, की मी म्हणायचो, चला, दादा ठणठणीत हाय. मग उठून घरी यायचो. आन मग तुझं येनंच बंद झालं. ह्या आठवड्याला येईल, पुढल्या आठवड्याला येईल, म्हणून मी बसायलाय तिथं रोज जाऊन."

"कोणाला तरी इचारायचं."

"काय इचारू? माझा सख्खा भाऊ कसा हाय, हे मी लोकायला इचारू?" दिनकररावांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबले. "दादा, तू मेलास तर मला निरोप येईल. सुतक हाय आपल्याला, कोनी बी पळत येऊन सांगंल. पर तू जिता हाईस ह्याचा निरोप मला कोन आणून देतंय? गाडी चालू झाली तर तू दिसशील, म्हणून दिले. तुझी तुला लखलाभ. वाटा बिटा काय नको मला."

आबासाहेब गाडीला टेकून उभे राहिले. या बोलण्यात कुठे फट आहे का, हे त्यांच्या मनाने सवयीने शोधलं आणि मन रिकाम्या हाताने परत आलं. त्यांना लाज वाटली. इतक्या वर्षांत त्यांनी दिनकरचा विचार शेकडो वेळा केला होता, पण तो काय घेईल एवढाच. तो आजारी असेल, त्याचे दात पडले असतील, तो कुठल्या तरी हॉटेलात आतल्या बाकड्यावर बसून आपली वाट बघत असेल, हे एकदाही त्यांच्या मनाला शिवलं नव्हतं. तो मेला असता तर आपण सुतक पाळलं असतं, अंघोळ केली असती आणि पेटीचं काय झालं याची चौकशी केली असती. हे अगदी असंच झालं असतं, हे त्यांना स्वच्छ कळलं.

त्यांनी काळा चष्मा काढला. उन्हाने नव्या डोळ्याला पाणी आलं, जुन्यालाही आलं.

"हाय," ते म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, "जिता हाय मी, दिनकर."

दिनकररावांनी मान हलवली, जणू लांबून आलेला निरोप नीट ऐकून घेतला. मग बाजेवरचं चऱ्हाट बाजूला सारून भावाला बसायला जागा केली.